मार लागलेली कंबर कशी तपासतात

पावसाळ्याच्या तोंडावर घर शाकारायला छपरावर चढलेला माणूस घसरून पडतो. खड्ड्यात आदळलेल्या दुचाकीवर मागे बसलेल्या बाईंच्या कमरेत सणक जाते. कुणाच्या पाठीच्या एका कुशीला बैलाची धडक बसते. कुणी सिमेंटचं पोतं उचलायला वाकतो आणि वाकलेलाच राहतो. चौघांची तक्रार एकच असते, कंबर दुखते. पण यांतल्या एकाचा मणका मोडलेला असू शकतो, दुसऱ्याची पायाकडे जाणारी नस दबलेली असू शकते, तिसऱ्याच्या मूत्रपिंडाला मार बसलेला असू शकतो आणि चौथ्याचा फक्त स्नायू आखडलेला असू शकतो. हा फरक ओळखायला एमआरआयचं यंत्र लागतंच असं नाही. बहुतेक वेळा तो डॉक्टरांच्या कानांना, डोळ्यांना आणि बोटांना आधी कळतो, मात्र तपासणी क्रमाने आणि पुरी व्हायला हवी.

मार लागलेल्या कमरेची तपासणी तीन प्रश्नांची उत्तरं शोधते. कणा भक्कम आहे का? नसा शाबूत आहेत का? आणि दुखणं खरोखर कमरेतूनच येतंय का? पुढे येणारी प्रत्येक कृती या तिन्हींपैकी एका प्रश्नासाठी असते.

प्राचीन इजिप्तमधला अठ्ठेचाळिसावा रुग्ण

ही तपासणी फार जुनी आहे. १८६२ मध्ये एडविन स्मिथ या अमेरिकी माणसाने इजिप्तमधल्या लक्सर गावी एक पपायरसची गुंडाळी विकत घेतली. तिचा अर्थ जगापुढे यायला १९३० साल उजाडलं. जेम्स हेन्री ब्रेस्टेड यांनी तिचं भाषांतर केलं तेव्हा कळलं, की हा जखमा आणि दुखापतींवरचा ग्रंथ आहे. गुंडाळी इसवी सनापूर्वी सुमारे १६०० मधली आणि मूळ मजकूर त्याहूनही जुना. तिच्यात ४८ रुग्णांची वर्णनं डोक्यापासून खाली अशा क्रमाने दिली आहेत. शेवटचा, अठ्ठेचाळिसावा रुग्ण कण्याचा मणका लचकलेला आहे. वैद्याने त्याला दोन्ही पाय पसरायला आणि पुन्हा आखडून घ्यायला सांगावं, असं त्यात लिहिलं आहे. पाय पसरताच मणक्यात कळ येते आणि रुग्ण ते लगेच ओढून घेतो. मग त्याला उताणं झोपवावं, एवढं सांगून पुढचं वाक्य अर्ध्यावर तुटतं.

कंबर दुखत असेल तर पायांची हालचाल करायला लावून पाहावी, हे त्या वैद्याला छत्तीसशे वर्षांपूर्वी माहीत होतं. आजही हाच या तपासणीचा गाभा आहे.

हात लावण्याआधी

डॉक्टर आधी विचारतात, "नेमकं कसं पडलात?" या प्रश्नात अर्धं निदान असतं. उंचीवरून टाचांवर पडलेल्या माणसाच्या शरीराचा सगळा भार पायांतून कण्यात जातो. त्यामुळे टाचेचं हाड मोडलेलं दिसलं की कमरेचे मणके तपासल्याशिवाय सोडायचं नाही, असा नियम आहे. टाचेच्या ठणक्यापुढे कमरेचं दुखणं रुग्णाला जाणवतही नाही. गाडीच्या अपघातात नुसता कमरेवरचा पट्टा लावलेला माणूस पट्ट्यावरून पुढे दुमडतो आणि मणका आडवा फाटतो. ब्रिटिश रेडिओलॉजिस्ट जॉर्ज चान्स यांनी १९४८ मध्ये या प्रकारच्या मोडीचं वर्णन केलं, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. अशा रुग्णाच्या पोटावर पट्ट्याचा वळ दिसला तर आतड्यांनाही इजा झाल्याची शंका घ्यावी लागते.

वय आणि जुने आजारही विचारावे लागतात. सत्तरीच्या आजी पलंगावरून उतरताना नुसत्या धपकन बसल्या तरी ठिसूळ झालेला मणका चेपू शकतो. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांचं तसंच. अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसमध्ये कणा सांधून ताठ झालेला असतो. तिथे किरकोळ पडण्यानेही आरपार मोड होते आणि 'नेहमीचंच दुखणं' म्हणून ती निसटते.

उंचीवरून पडलेल्या किंवा अपघात झालेल्या माणसाला मात्र उठवून बसवून तपासायचं नसतं. कणा मोडलेला नाही याची खात्री होईपर्यंत तो मोडलेलाच आहे असं धरून चालायचं. पाठ पाहण्यासाठी रुग्णाला एका कुशीवर वळवतात तेव्हा एकजण डोकं आणि मान धरतो, इतर तिघे खांदे, कंबर आणि पाय धरतात आणि डोकं धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर सगळं अंग एकसंध वळवतात. दोघांनी बखोट्याला आणि पायांना धरून उचललं की धड मध्येच दुमडतं. ज्याच्या पायांत ताकद होती तो अशा उचलण्यातून ती गमावू शकतो. म्हणून अपघाताच्या जागी १०८ ला फोन करून वाट पाहणं, आणि हलवणं अगदीच भाग असेल तर सपाट फळीवर सरळ ठेवून हलवणं, हाही उपचारच आहे.

आपल्याकडे कंबरेत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायची रीत आहे. कुठे तेलाने जोरात रगडतात, कुठे पाठीवर उभं राहतात. पडल्यानंतर, अपघातानंतर यातलं काहीही करू नये. मोडलेल्या मणक्याचा तुकडा आत सरकायला तेवढा दाब पुरतो.

बोटांना काय कळतं

कपड्यांवरून दाबून कंबर तपासता येत नाही. पाठ खांद्यापासून नितंबापर्यंत उघडी दिसली पाहिजे. खरचटणं, सूज, काळंनिळं पडणं, एका बाजूला झुकलेलं धड हे सगळं नजरेला दिसावं लागतं. म्हणूनच पडदा, अंगावर चादर आणि स्त्री रुग्णाजवळ एखादी स्त्री असणं महत्त्वाचं आहे. संकोचामुळे पुष्कळ बायकांची पाठ नीट तपासलीच जात नाही. ही व्यवस्था करण्याची जबाबदारी दवाखान्याची आहे, लाज सोडण्याची जबाबदारी रुग्णाची नाही.

मग हात लागतो. कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचे वरचे काठ अंगठ्यांनी शोधायचे आणि ते मनात आडव्या रेषेने जोडायचे. ही रेषा साधारणपणे कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. कमरेत पाच मणके असतात. या खुणेवरून वर आणि खाली मोजता येतं. मग एकेका मणक्याचं मागचं टोक बोटाने दाबत जायचं. दुखणं मधोमध, हाडावर आहे की बाजूच्या स्नायूंवर? बाजूला दुखत असेल आणि स्नायू दगडासारखे ताठ झाले असतील, तर ती बहुधा लचक असते. अगदी मध्यरेषेवर, एका ठरावीक मणक्यावर बोट ठेवताच रुग्ण कळवळला तर मोडीची शंका येते. म्हाताऱ्या माणसांत मुठीने हळूच ठोकून पाहिलं तरी चेपलेला मणका ओळखू येतो.

बोट खाली सरकताना दोन टोकांमध्ये अचानक खळगा लागला तर ती धोक्याची खूण असते. इंग्लंडमधल्या शेफील्डचे फ्रँक हॉल्ड्सवर्थ यांनी कण्याच्या गंभीर दुखापती झालेले असंख्य रुग्ण तपासले. त्यांत खाणीत दरड अंगावर कोसळलेले कामगार होते. कणा भक्कम राहतो तो मागच्या बाजूने मणके बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांमुळे, असं त्यांनी १९६३ मध्ये मांडलं. हे बंध तुटले तर दोन टोकांमधली फट बोटाला लागते. पुढे या विषयाचं वर्गीकरण अनेकदा बदललं, पण बोटाला लागणाऱ्या त्या फटीचं महत्त्व कमी झालं नाही.

छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथे बोट जास्त वेळ थांबतं. वरचा कणा बरगड्यांनी बांधलेला, खालचा मोकळा हलणारा. सगळा झटका या सांध्यावर येतो, त्यामुळे पडण्या-आदळण्याने होणाऱ्या मोडी इथेच जास्त सापडतात. रुग्ण मात्र अनेकदा दुखण्याची जागा त्याच्या बरीच खाली, कमरेत दाखवतो.

पायांतून नसांपर्यंत

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याखाली मणक्यांच्या पोकळीत असतो तो नसांचा जुडगा, घोड्याच्या शेपटीसारखा. त्यातली एकेक नस बाहेर पडून पायाचा ठरावीक भाग सांभाळते. त्यामुळे कमरेतली कोणती नस दुखावली ते पायावर वाचता येतं.

आधी ताकद. उभं राहता येत असेल आणि मोडीची शंका नसेल, तर टाचांवर चालायला सांगतात, मग चवड्यांवर. टाचांवर चालताना पाऊल खाली पडत असेल तर कमरेची चौथी किंवा पाचवी नस अशक्त आहे. चवड्यांवर उभं राहता येत नसेल तर त्रिकास्थीची, म्हणजे कमरेखालच्या हाडाची, पहिली नस. पोटरीचा स्नायू इतका बळकट असतो, की हाताने दाबून त्याची कमजोरी कळत नाही. म्हणून एका पायाच्या चवड्यावर पुन्हा पुन्हा उठायला लावतात आणि कोणता पाय आधी थकतो ते पाहतात. झोपलेल्या रुग्णाला सांगतात, "मावशी, पायाचा अंगठा तोंडाकडे ओढा, मी खाली दाबतो, दाबू देऊ नका." एका बाजूचा अंगठा सहज दबला तर पाचव्या नसेवर बोट ठेवता येतं. ताकदीला शून्य ते पाच गुण देतात. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, तीन म्हणजे आपला पाय स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो पण त्याहून जास्त नाही, पाच म्हणजे पूर्ण ताकद. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने रूढ केली.

मग संवेदना. कापसाचा स्पर्श आणि टाचणीचं टोचणं दोन्ही पायांवर सारखं लागतं का? नडगीची आतली बाजू चौथ्या नसेची. पावलाचा वरचा भाग आणि अंगठा पाचवीचा. पावलाची बाहेरची कड आणि करंगळी त्रिकास्थीच्या पहिल्या नसेची. डोळे मिटवून विचारलं तर उत्तर जास्त खरं मिळतं.

शेवटी हातोडा. गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडतो ही क्रिया मुख्यतः चौथ्या नसेची, टाचेमागे ठोकल्यावर पाऊल हलतं ती त्रिकास्थीच्या पहिल्या नसेची. काही माणसांचा प्रतिसाद मुळातच मंद असतो. त्यांना दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगितलं की तो उमटतो. एकोणिसाव्या शतकात हंगेरीचे एर्नो येन्द्राशिक यांनी शोधलेली ही युक्ती आजही रोज वापरली जाते. वय झालेल्यांत टाचेचा प्रतिसाद दोन्हीकडे नाहीसा झालेला असू शकतो. एकाच बाजूला तो गेला असेल तर मात्र त्याला अर्थ आहे. तळव्याच्या कडेवरून खरवडल्यावर अंगठा वर उठला तर दुखापत नसांच्या जुडग्यात नसून मज्जारज्जूत किंवा मेंदूत आहे असं समजतं. ही खूण जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये पॅरिसमध्ये नोंदवली.

सरळ पाय उचलून पाहणं

पोतं उचलताना कंबर धरली आणि कळ पायात उतरली, तर सर्वांत उपयोगी ठरते ती साधी एक कृती. रुग्ण उताणा, गुडघा सरळ, आणि डॉक्टर टाचेखाली हात घालून पाय हळूहळू वर नेतात. तीस ते सत्तर अंशांच्या दरम्यान रुग्णाची ओळखीची कळ गुडघ्याखाली उतरली तर नस ताणली जातेय असं समजायचं. फक्त मांडीमागे ताण बसला तर तो आखडलेल्या स्नायूंचा असतो. शंका असेल तर पाय किंचित खाली आणून पाऊल वर वाकवायचं. कळ पुन्हा आली तर ती नसेचीच. दुखरा नसलेला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर दोन मणक्यांमधली गादी सरकून नसेवर आल्याची शक्यता आणखी बळावते.

या चाचणीला फ्रेंच डॉक्टर शार्ल लासेग यांचं नाव मिळालं, कारण त्यांचा विद्यार्थी फोर्स्ट याने १८८१ मध्ये तिचं वर्णन केलं. पण त्याआधी एक वर्ष, १८८० मध्ये, बेलग्रेडचे डॉक्टर लाझार लाझारेविच यांनी तीच खूण सर्बियन भाषेत प्रसिद्ध केली होती, आणि कळ नस ताणली गेल्यामुळे येते हेही ओळखलं होतं. नस दाबणारी गादी मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हती. मणक्यांमधली फुटलेली गादी नसेवर दाब देते हे विल्यम मिक्स्टर आणि जोसेफ बार या बॉस्टनच्या दोघांनी शस्त्रक्रियांच्या आधारे १९३४ मध्ये दाखवून दिलं. म्हणजे कारण सापडायच्या अर्धशतक आधी ते ओळखायची खूण डॉक्टरांच्या हातात आली होती.

जे प्रश्न टाळायचे नाहीत

"लघवी होतेय का? झालेली कळतेय का? बसायच्या जागेला बधिरपणा आलाय का? शौचावरचा ताबा गेलाय का?" कंबर दुखते म्हणून आलेल्या माणसाला हे प्रश्न अनपेक्षित वाटतात. गावाकडच्या दवाखान्यात, बाहेर रांग लागलेली असताना, ते विचारायला डॉक्टरांना आणि सांगायला रुग्णाला अवघड जातं. तरीही ते विचारलेच पाहिजेत. नसांचा तो सगळा जुडगा दाबला गेला तर लघवी तुंबते, मांड्यांमधल्या जागेची संवेदना जाते, दोन्ही पाय अशक्त होतात. इथे उशीर तासांत मोजायचा असतो. वेळेत दाब मोकळा केला नाही तर लघवी आणि शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. म्हणून डॉक्टर त्या जागेची संवेदना टाचणीने तपासतात, गुदद्वाराच्या स्नायूची पकड बोटाने पाहतात आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली हे सोनोग्राफीत मोजतात. ही तपासणी कशासाठी ते आधी समजावून सांगितलं तर रुग्ण ती करू देतो.

कमरेबाहेरचं कमरेचं दुखणं

बैलाची धडक बसलेल्या त्या माणसाची दुखरी जागा मध्यरेषेत नसते. ती शेवटच्या बरगडीखाली, बाजूला असते. तिथे मार लागून मूत्रपिंड दुखावलं की लघवीतून रक्त जातं. कधी ते डोळ्यांना दिसतं, कधी फक्त तपासणीत कळतं. म्हणून जोराच्या मारानंतर लघवी तपासणं आणि पोट दाबून पाहणं कमरेच्या तपासणीतच येतं. खुब्याचा सांधाही फिरवून पाहावा लागतो. खुब्याची मोड झालेली आजी कधी गुडघा दाखवते, कधी कंबर.

कोवळ्या वयातल्या खेळाडूंची गोष्ट वेगळी असते. वेगवान गोलंदाजाला एकदाच काही लागलेलं नसतं. चेंडू टाकताना कंबर वळते आणि मागे वाकते, आणि हजारो वेळा हेच घडून मणक्याच्या मागच्या भागात बारीक चीर पडते, बहुधा गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये पाठीच्या खालच्या भागातल्या अशाच चिरेमुळे मैदानाबाहेर बसावं लागलं होतं. एका पायावर उभं राहून मागे वाकल्यावर दुखलं तर ही शंका येते. नुसत्या या चाचणीने खात्री होत नाही, पण सोळा वर्षांच्या गोलंदाजाची कंबर तीन आठवडे दुखत असेल तर त्याला मलम लावून पुन्हा नेट्समध्ये पाठवू नये.

यंत्र कधी, हात कधी

जोराचा मार, मध्यरेषेवर दुखणं किंवा पायांत कमजोरी यांपैकी एकही असेल, तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लगेच व्हायला हवा. नसा दबल्याची खूण असेल तर एमआरआय. बेशुद्ध, दारूच्या अंमलाखाली असलेल्या किंवा मांडीचं हाड मोडून विव्हळणाऱ्या माणसाच्या कमरेच्या तपासणीवर विसंबता येत नाही, तिथेही यंत्रच लागतं.

पण साध्या लचकेत पहिल्याच दिवशी एमआरआय काढला तर फायद्यापेक्षा गोंधळच वाढतो. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली निघाली, आणि सगळ्या गाद्या ठीक असलेले फक्त ३६ टक्के निघाले. त्यांच्यातलाच कुणी उद्या पोतं उचलताना लचकला असता, तर ती जुनी गादीच आरोपी ठरली असती. चित्रातला दोष आणि पायातली खूण एकाच नसेकडे बोट दाखवत असतील, तरच चित्राला अर्थ येतो. आणि पायातली खूण हाताने तपासल्याशिवाय सापडत नाही.

दुसरी चूक उलट दिशेने होते. चित्रात काही नाही, म्हणून रुग्ण ढोंग करतोय असं ठरवलं जातं. नुकसानभरपाईचा दावा असलेल्या कामगाराच्या वाट्याला हे फार येतं. स्कॉटलंडचे अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी १९८० मध्ये पाच प्रकारच्या खुणा मांडल्या. डोक्यावर हलकासा दाब दिला तरी कंबर दुखणं, ही त्यांतली एक. दुखण्यात भीती आणि खचलेलं मन यांचा वाटा किती आहे हे त्यांतून कळावं, हा त्यांचा हेतू होता. पुढे त्या ढोंग पकडायला वापरल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९९८ मध्ये वॉडेल यांनी सहकाऱ्यासह लिहून हा अर्थ चुकीचा असल्याचं स्पष्ट केलं. कंबर दुखतेय म्हणणाऱ्या माणसाची कंबर दुखत असते. तपासणी सुरू करताना डॉक्टरांनी एवढा विश्वास ठेवायलाच हवा.

या सगळ्याला नीट केलं तर पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पण एकदाच तपासून काम संपत नाही. सकाळी पाच गुण असलेला अंगठा संध्याकाळी तीनवर आला, तर उपचार बदलावे लागतात. आणि हा उतार ध्यानात येण्यासाठी सकाळचा आकडा कागदावर असावा लागतो. म्हणून मार लागलेल्या माणसासोबत दवाखान्यात जाल तेव्हा दोन गोष्टी पाहा. पाठ उघडी करून आणि दोन्ही पाय तपासून झाले का? आणि पायांची ताकद, संवेदना, लघवी यांची नोंद तारीख आणि वेळेसह केसपेपरवर झाली का? तो कागद फाइलमध्ये जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरांना सर्वांत आधी दाखवा. दुखणं कोणत्या दिशेने चाललंय हे पहिल्या दिवशीचा एमआरआय सांगू शकत नाही, पहिल्या दिवशीची नोंद सांगू शकते.